गिरणीतला मुका टीव्ही

राजगड बघायला आलेल्या दोन गोऱ्या पाहुण्यांना मी आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीवाल्यासमोर, हाच इंग्रजी समजणारा माणूस म्हणून, नेऊन उभं केलं. तेव्हा मी पाचवीत होतो हे खरं, पण पाचवीतली बाकीची पोरं असं काही करत नव्हती, हेही खरंच.

माझी बाजूही ऐकून घ्या. आमचं गाव मार्गासनी. वेल्ह्याच्या रस्त्यावर, जिथून राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याकडं फाटा फुटतो तिथलं. गावात इंग्रजी कळणारे म्हणजे शाळेतले गुरुजी, आणि त्यांनाही ते पुस्तकापुरतंच कळायचं. समोरचा इंग्रजीत बोलतोय आणि हा माणूस लगेच त्याचं मराठी करून सांगतोय, असा आम्हा पोरांच्या माहितीत एकच होता. गिरणीवाले आबा. टीव्हीवरची कार्टूनं इंग्रजी असायची, नावं तर सगळी इंग्रजी अक्षरांत यायची, आणि आबा त्यातल्या प्रत्येक प्राण्याचं म्हणणं आम्हाला अस्सल मावळी मराठीत सांगायचे. एकदाही अडखळायचे नाहीत. आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर त्या पाहुण्यांना कुठं नेलं असतं?

गिरणी म्हटल्यावर आवाज आलाच. आमच्या गिरणीचा आवाज असा होता की आत शिरलेला माणूस आपोआप ओरडून बोलायचा, आणि बाहेर पडल्यावरही बराच वेळ ओरडतच राहायचा. गावात नवरा-बायकोचं भांडण लागल्यासारखं वाटलं, तर आधी बघायचं की बाईच्या डोक्यावर पिठाचा डबा आहे का. असला तर काळजीचं कारण नाही, दळण आणायला गेली होती.

अशा ठिकाणी टीव्ही कशाला, असं तुम्हाला वाटेल. तो आमच्यामुळं आला. दळण आणायला बहुतेक घरांतून पोरांनाच पाठवायचे आणि पोरं डबा रांगेत लावून मोटारीच्या पट्ट्याशेजारी खेळत बसायची. पट्टा उघडा फिरायचा. एकदा कुणाच्या तरी शर्टाची बाही त्यात अडकता अडकता राहिली, आणि त्याच आठवड्यात आबांनी कुणाचा तरी जुना टीव्ही आणून पट्ट्याच्या बरोबर उलट्या बाजूला, भिंतीवरच्या फळीवर बसवला. गावात एकानं डिशची मोठी छत्री लावली होती, त्याच्याकडून वायर ओढली. पोरांची तोंडं तिकडं फिरली ती फिरलीच. पट्ट्याकडं पाठ.

त्यानंतर आमच्या गिरणीत एक गोष्ट सुरू झाली, जी मी दुसऱ्या कुठल्याच गावात पाहिली नाही. सगळीकडं दळणाच्या रांगेत आपला डबा पुढं सरकवण्यावरून भांडणं होतात. आमच्याकडं पोरं डबा मागं सरकवण्यावरून भांडायची. "काकू, तुमचं घ्या आधी, तुम्हाला स्वयंपाक असंल," असं म्हणणारी इतकी गुणी मुलं मार्गासनीत एकाएकी कुठून आली, हे बायांना कळेना. घरी आयांना मात्र कळायचं. सकाळी पाठवलेलं पीठ दुपारी यायचं.

पिठामुळं टीव्हीची काच सारखी पांढरी व्हायची. मग आबा खांद्यावरचं फडकं काढायचे, काचेवर एकच झटका मारायचे, पिठाचा ढग उठायचा आणि त्या ढगातून कार्टून बाहेर यायचं. आबा आमच्याकडं वळायचे. पापण्यांवर, मिशीवर, कानांच्या पाळ्यांवर पीठ. आणि विचारायचे, "आता ह्यो काय म्हंतोय, ठावं हाय का?"

आम्हाला कधीच ठाऊक नसायचं. तेच तर हवं असायचं.

माझं सगळ्यात आवडतं कार्टून अस्वलाचं होतं. एक ढेरपोटं अस्वल मधमाश्यांच्या झाडाखाली बसून असायचं, वर चढायचं, खाली पडायचं, माश्या मागं लागायच्या. चित्रात एवढंच होतं. पण आबांमुळं आम्हाला आतली गोष्ट माहीत होती. अस्वल हे त्या झाडावरचं जावई होतं. धोंड्याचा महिना लागला होता, सासुरवाडीनं रीतीप्रमाणं जावयाला बोलावलं होतं, पण अनारसे करायचे कुणी यावरून माश्यांची आपसांत जुंपली होती, आणि जावई बिचारा झाडाखाली ताटकळला होता. "म्हंतोय, म्या काय मागून आलो न्हाई. बलावलं म्हून आलो." असं म्हणून आबा स्वतःच रुसल्यासारखे पाठ फिरवायचे. मोटार सुरू झाली की विजेचा दाब कमी होऊन टीव्हीतलं चित्र दोन्ही बाजूंनी आकसायचं आणि अस्वल एकदम बारीक दिसायला लागायचं. आबा त्यालाही सोडायचे नाहीत. "बघा, वाट बघून बघून वाळला."

नावडतं कार्टून होतं लोखंडी माणसाचं. त्याच्या डोळ्यांतून उजेड पडायचा, तो इमारती पाडायचा आणि उडून जायचा. इतर गावांतली पोरं त्याच्यासाठी जीव टाकायची म्हणे. आबांना तो अजिबात पसंत नव्हता. तो लागला की आबा फडकं खांद्यावर टाकून दाणे ओतायला निघून जायचे. आम्ही विचारलं तर म्हणायचे, "ह्याला काय बोलायचंच न्हाई. नुसता मारतोय. घरचं कोण न्हाई वाटतं." ते ऐकल्यापासून आजतागायत मला कुठलाही उडणारा शूर वीर दिसला की आधी त्याच्या घरच्यांची काळजी वाटते.

वरच्या धनगरवाड्यावरची एक पोरगी नाचणी दळायला यायची. एकदा टीव्हीवर लांडगा कोकरांच्या मागं लागलेला. आम्ही हसत होतो. ही उठली, कोपऱ्यातली काठी घेतली आणि टीव्हीवर धावली. तिच्या घरची कोकरं खरोखरच गेली होती त्या पावसाळ्यात. आबांनी काठी वरच्या वर धरली, फडक्यानं काच पुसली आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "थांब गं बाय. त्यानं माळ घातलीय. ह्याच म्हैन्यात. कोकरांस्नी तेच सांगाया पळतोय, पर ती काय थांबत न्हाईत." पोरगी काठी घेऊन उभीच राहिली. कार्टून संपेपर्यंत लांडग्याच्या गळ्यात माळ दिसते का, ते बघत होती. नंतर मला विचारलं, तुला दिसली का? मी म्हटलं, दिसली. आबांच्या गिरणीत तेवढी सवय झाली होती.

तर आता ते पाहुणे. एक उंच पुरुष आणि एक बाई, पाठीवर गोण्यांएवढ्या बॅगा, फाट्यावर उभे राहून येईल त्याला काहीतरी विचारत होते. लोक हसून पुढं जात होते. मी पुढं झालो, त्या बाईंचा हात धरला आणि थेट गिरणीत आणलं. माझ्यामागं अर्धं गाव. आबांनी मोटार बंद केली नाही. पाहुण्यांच्या तोंडाकडं टक लावून ते शेवटपर्यंत बघत राहिले, मान हलवत राहिले, आणि त्यांचं संपल्यावर सवयीनं आमच्याकडं वळले. "म्हंत्यात, सकाळधरनं पोटात काय न्हाई. आन् गड बघायचाय, पर वाट घावंना."

माईंनी, म्हणजे आबांच्या घरच्यांनी, तांदळाची भाकरी आणि पिठलं केलं. पाहुणे जेवले. मग आबांनी त्यांना गुंजवण्याला जाणाऱ्या जीपमध्ये मानानं पुढं बसवून दिलं. ते हात हलवून काहीतरी ओरडत होते. आबा म्हणाले, "लई उपकार झालं म्हंत्यात."

दुसऱ्या दिवशी गुरुजींची त्यांच्याशी गाठ पडली तेव्हा कळलं. ते गड आधीच बघून आले होते. त्यांना पुण्याला जाणारी यष्टी हवी होती.

मला वाटलं आता गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. आबांना सांगायला गेलो तर ते चाळणी झाडत होते. सगळं ऐकून, म्हणजे माझ्या तोंडाकडं बघून, शांतपणे म्हणाले, "मंग? येकदा बघून गड कळतोय व्हय?"

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. चुकलेला असतो, पण चुकल्यासारखा कधी दिसत नाही. माझं नेमकं उलटं आहे. मी बरोबर असतो तेव्हाही चुकल्यासारखा दिसतो, असं माझी बायको म्हणते.

पुढं मी टीव्ही आणि मोबाईल दुरुस्तीचं काम शिकलो आणि भोरला स्टँडजवळ दुकान टाकलं. नवीन दुकान टाकलेला माणूस धोकादायक असतो. त्याला सगळीकडं बिघाडच दिसतो. मला एके दिवशी आठवलं, की आबांच्या टीव्हीला आवाजच नाही. लहानपणी वाटायचं, गिरणीच्या आवाजात ऐकू येत नाही. आता कळलं की स्पीकरमध्ये पीठ बसून तो केव्हाच बंद पडलेला असणार. या माणसानं आम्हाला एवढं दिलं आणि बिचारा मुका टीव्ही बघतोय. मी मोटारसायकलवर टीव्ही भोरला आणला, उघडला, आतून भाकरी होईल एवढं पीठ काढलं, नवा स्पीकर टाकला आणि रविवारी परत नेऊन फळीवर बसवला. आबांना खुणेनं म्हटलं, मोटार बंद करा. गंमत बघा.

आबांनी मोटार बंद केली. पोरं बसली होती. आमच्यानंतरची पोरं, पण डबे तसेच मागं मागं सरकवलेले. गिरणी एकदम शांत झाली आणि टीव्ही बोलायला लागला. एव्हाना कार्टूनं हिंदीत यायला लागली होती, पोरांना सगळं कळत होतं. दोन खारी भांडत होत्या. एक म्हणत होती, माझे अक्रोड परत दे. त्याच वेळी आबा सांगत होते, "ही म्हंती, वन्सं, म्हायेरी येऊन ऱ्हायलाय तर जरा हात चालवा की. समदं म्याच करू व्हय?"

पोरं हसली नाहीत. टीव्हीकडं बघितलं, आबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आबा बोलतच होते, नणंद काय म्हणाली, भावजय काय म्हणाली. आणि टीव्ही त्यांच्या डोक्यावर अक्रोड अक्रोड करत होता. शेवटी एक पोरगी म्हणाली, "आबा, ती तर अक्रोड मागतीय." आबांचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. पोरीनं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. गिरणी बंद, सगळं शांत, पोरगी हातभर अंतरावर, आणि आबांनी मान वळवली नाही.

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं ज्या गिरणीत मी बसलो, तिथल्या माणसाला काही ऐकू येत नाही, हे मला त्यातला टीव्ही दुरुस्त केल्यावर कळलं.

पोरीनं त्यांची बाही ओढली, टीव्हीकडं बोट केलं, मग स्वतःच्या कानाकडं. आबांनी पोरीकडं, टीव्हीकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं बघायला लागलो, पण पिठाच्या गिरणीत बघण्यासारखं दुसरं काही नसतं.

आबा हसले. म्हणाले, "बोलू दे की त्याला. त्याला हितलं काय ठावं हाय?" आणि त्यांनी मोटार सुरू केली. वर दाणा नव्हता. दाणा नसताना गिरणी फिरवली तर दगड एकमेकांवर घासतात, फिरवायची नसते, हे आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलेलं. त्या आवाजात टीव्ही पुन्हा मुका झाला. खारी पुन्हा नणंद-भावजय झाल्या. पोरं थोड्या वेळानं हसली.

बाहेर माई भेटल्या. म्हणाल्या, "तू पाचवीत होतास तवाबी त्यास्नी येत न्हवतं ऐकू. माणसाच्या त्वांडाकडं बघून वळखत्यात. आता अस्वलाच्या त्वांडावरनं काय वळखणार? मंग लावत्यात मनानं." मी विचारलं, हे गावात कुणाकुणाला माहीत आहे? त्यांनी जरा आठवून बघितलं. मग म्हणाल्या, "तुला सोडून समद्यांस्नी." आणि जाताना म्हणाल्या, "ती तुझी स्पीकरची वायर तेवढी काढून जा."

मी काढली. दुकान टाकल्यावर बिघडवून परत केलेली ती माझी पहिली वस्तू. आबा त्या दिवसापासून मला मेकॅनिक म्हणायला लागले.

आता माझ्या मुलीचं सांगतो. आर्या. घरी हिच्या तोंडाला टाळं म्हणून नाही. उठल्यापासून सुरू. शेजारच्या कुत्र्यानं काय खाल्लं, पप्पांनी आंघोळीला किती वेळ लावला, सगळ्याची बातमी. पण पहिलीत घातली आणि शाळेच्या दारात ती जी गप्प झाली, ती गप्पच. हजेरीला नाही, कवितेला नाही, मैत्रिणींशी नाही. बाई चांगल्या होत्या. त्यांनी रागावून बघितलं नाही, चॉकलेट देऊन बघितलं. आर्यानं चॉकलेट घेतलं आणि गप्प राहिली. मग एक दिवस तिला शू लागली आणि ते सांगण्यासाठी तिला तोंड उघडता आलं नाही. वर्गात झाली. पोरं हसली. संध्याकाळी तिनं ते घरीही सांगितलं नाही, फ्रॉक बदललेला बघून बायकोनं विचारलं तेव्हा कळलं. त्यानंतर ती शाळेत पाणी प्यायचीच बंद झाली. बाटली भरलेली परत यायची.

आम्ही डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, कानात-घशात काही दोष नाही. परक्यांसमोर अडतं काही मुलांचं. मागं लागू नका, वेळ द्या. हे ऐकायला सोपं आहे. रोज भरलेली बाटली रिकामी करताना अवघड जातं.

त्या काळात मोबाईलवरचं तिचं आवडतं कार्टून एका गोगलगाईचं होतं, आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नावडतं. लोखंडी माणूस बरा. ही गोगलगाय चांगल्या सवयी शिकवायची, आणि मध्येच थांबून, मोठे डोळे करून, बघणाऱ्या मुलांना प्रश्न विचारायची. हा रंग कोणता? मोठ्यानं सांगा बरं. आणि मग नुसती बघत राहायची. पापण्या मिटायची, उघडायची, वाट बघायची. आर्यापण तिच्याकडं बघत राहायची, ओठ घट्ट. घरीसुद्धा तेवढ्यापुरतं तिचं तोंड मिटायचं. मला तो मोबाईल भिंतीवर फेकावासा वाटायचा. एकदा मी गोगलगाईला स्वतःच उत्तर दिलं, पिवळा म्हणून सांगितलं. आर्या उठून आत गेली. बायको म्हणाली, "तिचा प्रश्न तुम्हाला नव्हता."

दिवाळीनंतर नवीन तांदूळ झाला तेव्हा आम्ही गावी होतो. आईनं दळण काढलं आणि मी आर्याला घेऊन गिरणीत गेलो. आबा थकले होते, पण फडकं खांद्यावर होतंच. टीव्ही नवा होता, पुतण्यानं आणलेला, आणि आवाज शून्यावर ठेवलेला. आर्या माझ्या मागं, शर्ट मुठीत धरून. कुणीही भेटलं की आधी नाव विचारतं आणि तिथंच हिचं सगळं आटपतं, म्हणून मी धास्तावलेलो. आबांनी नाव विचारलं नाही. त्यांना ते कुठं ऐकू येणार होतं? तिला उचलून पोत्यावर बसवलं, फडक्याचा झटका मारला आणि पिठाच्या ढगातून ती गोगलगाय बाहेर आली.

मी मनात म्हटलं, झालं.

गोगलगाईनं पिवळा फुगा दाखवला, प्रश्न विचारला, डोळे मोठे केले आणि थांबली. आबा वळले. "आता ही काय म्हंती, ठावं हाय का? म्हंती, कापूरव्हळची यष्टी गेली का हो? बघ कशी वाट बघतीय. सांजपस्तोर पोचायचं हाय तिला, आन् चाल ही आसली."

आर्याचा चेहरा मी पाहिला. संताप. तिच्या गोगलगाईबद्दल कुणीतरी धडधडीत खोटं सांगत होतं. तिनं माझा शर्ट सोडला. काहीतरी बोलली. मोटारीच्या आवाजात मलाही कळलं नाही, आणि आबांची तर पाठ होती. ती पोत्यावरून उतरली, त्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि त्यांचं धोतर ओढलं. आबा वाकून तिच्या तोंडाकडं बघायला लागले.

"मोठ्यानं सांग," ते म्हणाले. "गिरणी चालू हाय."

"यष्टी न्हाई," आर्या ओरडली. "रंग विचारतीय ती. रंग."

"कसला रंग?"

"फुग्याचा."

"मंग तिला सांग की. मला काय सांगतीस, मला काय फुगा फुगवायचाय?"

आर्या टीव्हीकडं वळली आणि सगळी ताकद लावून, मान ताठ करून ओरडली, "पिवळा." दळणासाठी आलेल्या दोन बाया, अनोळखी पोरं, सगळे तिच्याकडं बघत होते. तिचं लक्ष नव्हतं. आबा म्हणत होते की पिवळ्या रंगाची यष्टी नसतीच, आणि ती त्यांना ओरडून सांगत होती की यष्टीचा विषयच नाही.

मी काय करत होतो म्हणाल, तर काही नाही. आमचा तांदूळ दळून पडत होता आणि मी खाली डबा लावायचा विसरलो होतो. निम्मं पीठ जमिनीवर. आबांनीच बघितलं. "ओ मेकॅनिक," ते म्हणाले, "समदं गाव जेवंल एवढं सांडलंस. पोरगी बोलली म्हून काय झालं, बोलायचीच की." म्हणजे माई किंवा आई, कुणीतरी त्यांना सगळं सांगून ठेवलं होतं.

नंतर आम्ही दर रविवारी गावी जायला लागलो. घरात पिठाचे डबे साठले. बायको म्हणाली, एवढ्या भाकऱ्या मी थापणार नाही, पण जायचं बंद करू नका. आबा दर वेळी गोगलगाईबद्दल नवं काहीतरी खोटं सांगायचे आणि आर्या ते ओरडून खोडून काढायची. पुढं पुढं ती नुसतं खोडून काढेना, स्वतःचंही त्यात घालायला लागली.

शाळेतून बाईंचा फोन आला तो उन्हाळ्याच्या तोंडावर. मी दुकानात होतो. म्हणाल्या, आर्या आज बोलली. मधल्या सुट्टीआधी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मला बाथरूमला जायचंय." पण इतक्या जोरात, की शेजारच्या वर्गातले सर काय झालं बघायला आले. मग म्हणाल्या, तेवढं जरा हळू बोलायला शिकवता येईल का? मी म्हटलं, ते आम्हाला कुणालाच येत नाही. त्या दिवशी बाटली रिकामी आली.

गेल्या थंडीत आबा गेले. माईंनी गिरणी बंद ठेवली नाही, पुतण्या चालवतो. टीव्ही फळीवर आहे, आवाज शून्यावर. खांद्यावरचं फडकं त्याच्याखालच्या खिळ्याला अडकवलेलं आहे, आणि आता काच कुणी पुसत नाही, कारण पुतण्याला वेळ नसतो.

मागच्या रविवारी आम्ही गेलो. पोरं होती, निम्मी वरच्या वाड्यांवरची, आमच्या ओळखीची नव्हती. डबे अजूनही मागं मागं सरकवलेले. काचेवर पीठ साचलं होतं आणि सगळे तसेच त्या पांढऱ्यावर बघत बसले होते. मला राहवलं नाही. मी फडकं काढलं, एक झटका मारला. पीठ सगळं माझ्याच तोंडावर आलं. आतून एक माकड निघालं, झाडावर चढत होतं. मी आबांसारखा वळलो आणि मोटारीच्या वर आवाज काढून विचारलं, आता हा काय म्हणतोय, ठाऊक आहे का?

पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, हे माकड झाडावर चढतंय. पोरांनी माकडाकडं बघितलं. ते चढतच होतं. मी म्हटलं, त्याला वरचा आंबा हवा असणार. तोही दिसत होता. दारात माई उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

आर्या उठली. आता तिसरीत आहे. माझ्या हातातलं फडकं तिनं काढून घेतलं, मला कोपरानं बाजूला केलं आणि त्या अनोळखी पोरांसमोर उभी राहून, गिरणीच्या आवाजाच्या वर एक पट्टी चढवून म्हणाली, "ह्यांच्याकडं लक्ष देऊ नका. हे आमचे पप्पा आहेत. ह्यांना कार्टूनमधलं काही कळत नाही, नुसता टीव्ही दुरुस्त करता येतो."